इमारत-देखभालीचे कसब आणि त्याचे मोल

इमारत बांधून झाली की तिच्यासाठी लागणारे श्रम संपले, असे ढोबळमानाने धरले जाते. प्रत्यक्षात इमारतीच्या आयुष्याचा बहुतेक काळ बांधकामानंतरचा असतो आणि त्या काळात ती राहण्याजोगी ठेवण्याचे काम रोज चालू असते. मुंबईसारख्या शहरात, जिथे समुद्रावरच्या खाऱ्या हवेने काँक्रीटमधल्या सळया गंजतात, चार महिन्यांचा पाऊस भिंतींत ओल मुरवतो आणि महापालिकेचे पाणी बहुतेक भागांत ठरावीक वेळीच येते, तिथे हे काम अधिकच निकडीचे होते. तळच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंपचालक, नळ व सांडपाण्याच्या वाहिन्या सांभाळणारा प्लंबर, शासकीय परिभाषेत ज्याला तारतंत्री म्हणतात तो वायरमन, लिफ्टचा तंत्रज्ञ, दोरावर लोंबकळून बाहेरच्या भिंती रंगवणारा रंगारी, गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणारा गवंडी, जिने आणि आवार झाडणाऱ्या सफाई कामगार स्त्रिया व फाटकावरचा रखवालदार या सर्वांना प्रस्तुत लेखात मिळून देखभाल कामगार म्हटले आहे. त्यांच्या कसबाची मोजणी कशी होते, त्या मोजणीवरून वेतन कसे ठरते आणि त्या वेतनाची जबाबदारी कायद्याने कोणावर टाकली आहे, हे या आढाव्याचे विषय आहेत. त्यांचा विचार करताना एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते, ती अशी की वेतनाचे आजचे निकष कामाचे नाव पाहतात, पण एका विशिष्ट इमारतीविषयी कामगाराजवळ वर्षानुवर्षे साठत गेलेली माहिती त्या निकषांत कोठेच बसत नाही.

निगा आणि डागडुजी या गोष्टी मराठी समाजाला नव्या नाहीत. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर घराची शाकारणी करण्याची रीत होती आणि कौले परतणाऱ्या माणसाला कोणत्या वाशाला कीड लागली आहे व गेल्या वर्षी पाणी कोठून झिरपले होते, हे ठाऊक असणे गृहीत धरलेले असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या बलुतेदारी व्यवस्थेचे सविस्तर वर्णन केले आहे, तिच्यातही सुताराने कुळाची औते वर्षभर नीट ठेवायची, लोहाराने फाळाला धार लावून द्यायची आणि सुगीत त्याबद्दल धान्याचा ठरलेला वाटा घ्यायचा, असा बांधलेला व्यवहार होता. आजच्या भाषेत सांगायचे तर तो वार्षिक देखभालीचा करार होता आणि त्यात मोबदला दर दुरुस्तीमागे न देता अवजार चालते ठेवण्याच्या जबाबदारीबद्दल दिला जात असे, ही त्यातली आजही विचारात घेण्याजोगी बाजू आहे. परंतु हे काम जातीने वाटून दिलेले होते, ते सोडण्याची मोकळीक नव्हती आणि वाटा ठरवण्यात बलुतेदाराचा आवाज क्षीण असे, ही बाजू तितकीच खरी आहे. जातिव्यवस्था केवळ श्रमांची विभागणी करत नाही, ती श्रमिकांचीही विभागणी करते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडलेले विश्लेषण आजच्या देखभाल क्षेत्राला लागू पडते, कारण झाडू आणि गटार यांची कामे अजूनही बहुतांशी त्याच समाजांकडे राहिली आहेत. गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला आपण सहज बिगारी म्हणतो; तो शब्द वेठबिगारीच्या कुळातला आहे आणि मोबदल्याविना करून घेतलेल्या कामाची खूण तो अजून अंगावर बाळगून आहे.

कसब म्हणजे काय, याचे उत्तर देण्याचे दोन मार्ग अभ्यासकांनी सांगितले आहेत. पहिल्यानुसार शिक्षण व प्रशिक्षण यांत गुंतवलेला वेळ आणि पैसा म्हणजेच कौशल्य होय. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडलेली मानवी भांडवलाची कल्पना या प्रकारची असून प्रमाणपत्रावर वेतन ठरवण्याच्या रीतीला तिचाच आधार आहे. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांत मायकेल पोलान्यी यांचे नाव प्रथम घ्यावे लागते; माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक त्याला कळत असते, असे त्यांचे प्रतिपादन असून अशा ज्ञानाला अव्यक्त ज्ञान म्हणतात. झेरॉक्स यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांमध्ये राहून ज्युलियन ऑर यांनी केलेल्या आणि १९९६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या अभ्यासात असे दिसले की, छापील मार्गदर्शिका जिथे संपते तिथून पुढची दुरुस्ती तंत्रज्ञ एकमेकांना सांगितलेल्या हकिगतींच्या बळावर करतात. देखभालीचे काम या दुसऱ्या मार्गाने पाहिल्याशिवाय समजत नाही, आणि ते जवळून पाहणे जरुरीचे आहे.

खालच्या मजल्यावरच्या छताला ओल आली, ही मुंबईतल्या गृहनिर्माण संस्थांमधली बहुधा सर्वांत परिचित तक्रार असावी. डाग जिथे दिसतो तिथेच गळती असते असे नाही, कारण पाणी स्लॅबच्या उताराने किंवा विजेच्या तारांसाठी टाकलेल्या नळीतून वाहत जाऊन दूर कोठेतरी बाहेर पडते. जाणता प्लंबर अशा वेळी हातोडा उचलण्याआधी प्रश्न विचारतो. थेंब दिवसरात्र सारख्याच गतीने पडत असेल, तर दोष दाबाखाली असलेल्या पुरवठ्याच्या नळात असण्याचा संभव अधिक. वरच्या घरात आंघोळी चालू असतानाच पडत असेल, तर संशय नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याच्या जोडावर जातो. आणि तो फक्त पावसात दिसत असेल, तर बाहेरच्या भिंतीतली चीर किंवा गच्चीचा थर तपासावा लागतो. यानंतरही खात्री नसेल, तर मोरीचे तोंड बंद करून तिच्यात रंग मिसळलेले पाणी काही तास साठवून ठेवायचे आणि खाली तोच रंग उतरतो का ते पाहायचे, ही चाचणी तो करतो. या विचारपूस-चाचणीला अर्धा दिवस लागतो आणि तिच्यामुळे सबंध न्हाणीघर फोडणे वाचते. पण बिल होते ते बदललेल्या ट्रॅपचे, आणि निदानासाठी त्या बिलात ओळच नसते.

पंपचालकाचे तसेच आहे. ताशी किती पाणी वर चढते, ते पाहण्याआधी तो पंपाचा आवाज ऐकतो. मोटार नुसती घुमत असेल आणि फिरत नसेल, तर तीनांपैकी एक फेज गेल्याची शंका घेऊन ती तत्काळ बंद करावी लागते, नाहीतर वाइंडिंग जळते. मोटार सुरळीत फिरते पण पाणी येत नाही, अशा वेळी तळाशी असलेला फूट व्हॉल्व्ह गळून शोषण-नळीतले पाणी उतरले आणि पंपाने हवा धरली, असा अर्थ होतो. खडे घोळल्यासारखा खडखडाट येत असेल, तर पंपाला पुरेसे पाणी ओढता येत नाही. महापालिकेचे पाणी कोणत्या वेळी किती दाबाने येते, उन्हाळ्यात ते किती उशिरा येते, कोणत्या विंगेची टाकी आधी रिकामी होते आणि कोणता व्हॉल्व्ह पूर्ण फिरवला तर तुटेल, ही माहिती कोणत्याही आराखड्यात नसते. इमारत जुनी असेल तर आराखडाच हरवलेला असतो, आणि मग भिंतीतून जाणारा नळ नेमका कोठून वळतो हे एकाच माणसाला ठाऊक असते. या माहितीची किंमत तो माणूस आठ दिवस गावी गेला की कळते.

या कसबाची आणखी एक अडचण अशी की, ते जितके उत्तम तितके कमी दिसते. सुताराने केलेले टेबल डोळ्यांसमोर उभे राहते. वेळेवर बदललेल्या पॅकिंगमुळे जळायची राहिलेली मोटार कोणालाच दिसत नाही. न घडलेल्या बिघाडाची नोंद कोणी ठेवत नाही, त्यामुळे वर्षाअखेरीच्या सर्वसाधारण सभेत चांगला कामगार हा ज्याला फारसे काम नव्हते असा कामगार वाटतो, आणि पगारवाढीच्या चर्चेत हा समज त्याच्या विरोधात जातो. देखभालीचे मूल्य ठरवताना यापेक्षा मोठा अन्याय्य गैरसमज दुसरा नसेल.

कायद्याची परिभाषा या बाबतीत व्यवहारापेक्षा उदार आहे, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. किमान वेतनासाठी कामांचे अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल असे वर्ग केले जातात. केंद्र सरकारच्या किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये कुशल कामाची जी व्याख्या दिली जाते, तिच्यात कामावरच्या अनुभवातून मिळवलेले कौशल्य आणि उमेदवारीतून वा तांत्रिक संस्थेतून मिळवलेले कौशल्य यांना एकाच पातळीवर ठेवले असून, ज्या कामात स्वतः पुढाकार घेऊन निर्णय करावा लागतो ते कुशल, असे म्हटले आहे. वर वर्णन केलेले गळतीचे निदान या व्याख्येत तंतोतंत बसते. तरीही मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या पत्रकात पंपचालक बहुधा अर्धकुशल आणि पुष्कळदा हेल्पर या नावाखाली अकुशल म्हणून दाखवला जातो, कारण त्याच्याजवळ औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा कागद नसतो आणि अनुभव सिद्ध करण्याची सोय व्याख्येत असली तरी कार्यालयात नसते. वेतन संहिता, २०१९ हिच्या सहाव्या कलमात कौशल्य व भौगोलिक क्षेत्र यांच्या जोडीला कामातले काबाडकष्ट, उष्णता, दमटपणा आणि धोका यांचाही विचार किमान वेतन ठरवताना करता येईल, असे सांगितले आहे. बाराव्या मजल्यावर दोराने लोंबकळणारा रंगारी किंवा बंद टाकीत उतरून ती धुणारा कामगार यांच्यासाठी ही तरतूद नेमकी उपयोगाची आहे. ती वापरण्याचा आग्रह धरणारी संघटित मागणी मात्र अजून उभी राहिलेली नाही.

रास्त वेतन या शब्दाचाही अर्थ नीट सांगितला पाहिजे. १९४८ साली नेमलेल्या रास्त वेतन समितीने तीन पायऱ्या कल्पिल्या: जगणे आणि काम करण्याची क्षमता टिकवणारे ते किमान वेतन, माणसाला प्रतिष्ठेने राहता येईल, मुलांना शिकवता येईल, आजारपण व म्हातारपण निभावता येईल असे ते जीवनवेतन, आणि या दोहोंच्या मधले, उद्योगाची देण्याची कुवत पाहून ठरणारे ते रास्त वेतन. किमान पायरीचे माप १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने दिले. कमावणाऱ्यामागे तीन उपभोग-एकके, दर प्रौढ माणसी २७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के असे ते माप होते; सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये त्यात शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घालण्यास सांगितले. महाराष्ट्रात मूळ किमान दरावर महागाई निर्देशांकानुसार दर सहा महिन्यांनी विशेष भत्ता जाहीर होतो, त्यामुळे आकडा हलत राहतो, पण तो किमान पायरीवरच हलतो. देखभालीच्या क्षेत्रात ही तळपायरीच छत होऊन बसली आहे: कंत्राटाचा दर काढताना किमान वेतन हे कमीत कमी न समजता ठरलेले वेतन समजले जाते, आणि दहा वर्षे त्याच इमारतीत असलेला व काल आलेला यांची रक्कम एकच राहते.

आता नियोक्ता कोण, या प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण वेतनाच्या साऱ्या चर्चा तिथे येऊन अडतात. गृहनिर्माण संस्थेत नेमलेला कामगार थेट संस्थेचा असेल, तर त्याच्या नोकरीला औद्योगिक कायद्याचे संरक्षण मिळते का? १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उद्योग या शब्दाची व्याख्या पुष्कळ रुंदावली होती. परंतु २००२ मध्ये दिल्लीतील सोमविहार या सदनिकाधारकांच्या देखभाल-संस्थेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असे ठरवले की, केवळ आपल्या सभासदांना सेवा पुरवणारी अशी संस्था म्हणजे उद्योग नव्हे, आणि तिचे नोकर हे घरगुती नोकरांसारखे असल्याने त्यांना कामगार म्हणता येत नाही. या निर्णयामागचा तर्क असा की, घरी नोकर ठेवणाऱ्या कुटुंबावर औद्योगिक कायदा लादता येत नाही तसा तो अशा अनेक कुटुंबांच्या समूहावरही लादता येत नाही. परंतु दोनशे घरांचे पाणी, वीज आणि लिफ्ट चालवणाऱ्या माणसाचे काम एका घरातल्या मदतनिसाच्या कामाशी तोलणे हे त्या कामाच्या स्वरूपाकडे दुर्लक्ष करणारे आहे, असे म्हणावेसे वाटते. शिवाय घरकामगारही संरक्षणाला पात्र नाहीत, हे गृहीतकच वादग्रस्त आहे.

कामगार कंत्राटदारामार्फत असेल तर मार्ग वेगळा होतो. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० याने कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते मूळ मालकाने द्यावे अशी जबाबदारी घातली. याच कायद्याखाली केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ रोजी एक अधिसूचना काढून केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई, धूळ पुसणे आणि राखण या कामांत कंत्राटी पद्धतीला बंदी केली. भारतातल्या इमारत-देखभालीच्या इतिहासातला हा महत्त्वाचा दस्तऐवज आहे, कारण ही कामे कायमस्वरूपी व रोजची आहेत हे त्यात सरकारने मान्य केले होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडिया प्रकरणात त्याचा पुढचा अर्थ लावला आणि बंदी झाल्यावर कंत्राटी कामगार मूळ मालकाचे कामगार ठरतात असे म्हटले. पाचच वर्षांनी, ऑगस्ट २००१ मध्ये, पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने तो अर्थ फिरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही पुढील काळापुरती रद्द केली. महाराष्ट्राने नंतर कंत्राटी कायदा लागू होण्याची मर्यादा २० कामगारांवरून ५० वर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर अमलात आलेल्या चार श्रमसंहितांपैकी व्यवसायसुरक्षेच्या २०२० मधल्या संहितेत हीच ५० ची मर्यादा आहे. तिने मुख्य कामात कंत्राटी पद्धतीला मनाई केली, पण झाडलोट-सफाई, राखण, हाउसकीपिंग, बागकाम आणि देखभालीसह बांधकामाची कामे ही मुख्य कामे नव्हेत, असे व्याख्येतच लिहून टाकले. १९७६ मध्ये ज्या कामांसाठी कंत्राट बंद केले होते, बहुतांशी त्याच कामांना २०२० च्या कायद्याने कंत्राटाची वाट मोकळी करून दिली.

मर्यादांचे हे आकडे लहान इमारतीच्या बाबतीत फार कठोर ठरतात. कामगार राज्य विमा योजनेसाठी साधारणतः १०, भविष्य निर्वाह निधीसाठी २० आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी ५० कामगार लागतात. सहा माणसांवर चालणारी गृहनिर्माण संस्था यांपैकी प्रत्येक उंबरठ्याच्या बाहेर राहते. कंत्राटदाराकडे एकूण माणसे पुष्कळ असली, तरी ती दहा ठिकाणी विखुरलेली असल्याने एकत्र येऊन मागणी करणे अवघड जाते. याच्या उलट, श्रमसंहिता येण्याआधीचा एक कायदा असा होता की जो या कामगाराला शब्दशः आत घेत होता: इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ याने बांधकामाची व्याख्या करताना उभारणी व फेरफारांबरोबर दुरुस्ती आणि देखभाल हे शब्दही वापरले होते. त्याखाली बांधकामखर्चावर जमा होणाऱ्या एक टक्का उपकरातून कल्याण मंडळे चालू झाली आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस असे काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणी करता येऊ लागली. नाक्यावरचा रंगारी वा गवंडी ते प्रमाणपत्र मिळवण्याची खटपट करतो. वर्षभर एकाच इमारतीत दुरुस्त्या करणाऱ्या माणसाला आपण बांधकाम कामगार आहोत, हे कोणी सांगितलेले नसते.

कंत्राट दर एक-दोन वर्षांनी बदलते. सर्वांत कमी बोली लावणाऱ्याला ते मिळते आणि बोलीतला मोठा भाग वेतनाचाच असल्याने कपात फिरून तिथेच लागते: बारा तासांची पाळी, साप्ताहिक सुट्टीचा खाडा, गणवेशाची कापून घेतलेली रक्कम. पुष्कळदा नव्या कंत्राटदाराकडे माणसे तीच राहतात, कारण इमारत चालवणे त्यांनाच ठाऊक असते. पण नोकरीचा दिनांक नवा पडतो, उपदानाची म्हणजे ग्रॅच्युइटीची पाच वर्षे कधी भरत नाहीत आणि कसबाला मिळायची ती ज्येष्ठता शून्यावर येते. म्हणजे ज्या ज्ञानासाठी त्याला ठेवले जाते तेच ज्ञान कागदावर पुसले जाते. या एका प्रथेत या क्षेत्रातल्या वेतनाचे बरेचसे दुखणे सामावलेले आहे, असा या आढाव्याचा निष्कर्ष आहे.

सफाईच्या कामाची गोष्ट याहून गंभीर आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात इमारतीचा रखवालदार-व्यवस्थापक सेवाव्यवसायांच्या गटात आणि सफाई कामगार प्राथमिक श्रमांच्या सर्वांत खालच्या गटात ठेवलेले आहेत. फरशीच्या दगडानुसार कोणते आम्ल चालते आणि कोणते चालत नाही, ब्लीचिंग आणि आम्ल एकत्र केल्यास विषारी वायू होतो, हे जाणणाऱ्या स्त्रीचे काम अकुशल म्हटले जाते, कारण ते घरकामासारखे दिसते आणि घरकाम बायकांना उपजतच येते असे मानले जाते. समान मूल्याच्या कामाला समान मोबदला देण्याचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९५८ मध्येच मान्य केला. त्यातला समान मूल्य हा शब्द समान कामापेक्षा व्यापक आहे, आणि तो वापरायचा तर झाडणारी स्त्री व बागेतला माळी यांच्या कामांची कौशल्य, कष्ट, जबाबदारी आणि परिस्थिती या चार अंगांनी गुण देऊन तुलना करावी लागते. या पद्धतीला कार्यमूल्यांकन म्हणतात.

आणि गटार व शौचटाकीच्या बाबतीत प्रश्न वेतनापलीकडे जिवाचा होतो. बंद टाकीत साठलेला हायड्रोजन सल्फाइड वायू अधिक प्रमाणात असला की नाकाला त्याचा वासच कळेनासा होतो, त्यामुळे अनुभवी माणसाची सावधगिरीही कामी येत नाही आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवण्यास बंदी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडी येथे एका खासगी गृहनिर्माण संस्थेच्या शौचटाकीत तीन कामगार मरण पावले आणि २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ही रक्कम सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयातली असून ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या न्यायालयाने ती ३० लाखांवर नेली. महाराष्ट्रात लाड व पागे समितीच्या शिफारशींनुसार पालिकांच्या सफाई कामगारांच्या वारसांना नोकरी मिळते. कायम नोकरीची ही एक दुर्मीळ हमी आहे आणि कुटुंबे ती प्राणपणाने जपतात, हे समजण्यासारखे आहे. पण त्याच हमीने पुढची पिढी त्याच झाडूला बांधली जाते, ही तिची वेदनादायक बाजू नाकारता येत नाही.

कौशल्याला कागद मिळवून देण्याचे प्रयत्न झाले आहेत. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट आली आणि २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवातून शिकलेल्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची, म्हणजे पूर्वशिक्षणाच्या मान्यतेची सोय झाली. तिचा दोष असा की, त्या प्रमाणपत्राला वेतनाच्या वर्गाशी जोडलेले नाही. जिथे अशी जोड आहे तिथे फरक दिसतो. वीजजोडणीचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे लागते, आणि महाराष्ट्राच्या लिफ्टविषयक कायद्यानुसार, पूर्वी १९३९ च्या आणि आता २०१७ च्या, लिफ्टची तपासणी व देखभाल नियमाने बांधलेली आहे. म्हणून वायरमन आणि लिफ्टचा तंत्रज्ञ यांना घासाघीस करताना पाय रोवता येतात, ते पंपचालकाला जमत नाही. जर्मनीत इमारत-सफाई हा तीन वर्षांच्या उमेदवारीचा मान्य कारागिरी व्यवसाय असून त्या क्षेत्रासाठी वेगळे, सर्वांवर बंधनकारक किमान वेतन ठरलेले आहे.

कंत्राटदारामागे लपलेल्या मालकापर्यंत पोहोचण्याची उदाहरणेही आहेत. लॉस एंजेलिसमध्ये १९९० साली, बहुतांशी मध्य अमेरिकेतून आलेल्या सफाई कामगारांनी कंत्राटदारांशी भांडत न बसता कार्यालयीन इमारतींचे मालक आणि भाडेकरू यांच्यावर दबाव आणला, पोलिसांचा मार सोसला आणि करार मिळवला. महाराष्ट्राला मात्र इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि त्याच धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांचा कायदा आला. त्याखालच्या मंडळाकडे रक्षकाची नोंदणी होते, मूळ मालक वेतन आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो, आणि मंडळ त्यातून वेतन, भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस व रजा यांचा हिशेब सांभाळते. मालक बदलला तरी रक्षकाची नोंदणी आणि सेवा चालू राहते. नेमकी हीच गोष्ट पंपचालकाला व सफाई कामगाराला हवी आहे, आणि ज्या इमारतीच्या फाटकावर मंडळाचा रक्षक उभा असतो त्याच इमारतीतले इतर कामगार त्या व्यवस्थेबाहेर राहावेत, याला कोणतेही तत्त्व सांगता येत नाही. सूट मिळवलेल्या एजन्सींमुळे या मंडळांची पकड सैल झाली आहे, हा आक्षेप खरा आहे. तो व्यवस्था दुरुस्त करण्याचे कारण आहे.

पैसा कोण देणार, हा शेवटचा प्रश्न. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड सांगितला आहे, म्हणजे भिंतींसाठी तरतूद आहे. कामगारांचे पगार मात्र सेवाशुल्कात मोडतात आणि ते सर्व सदनिकांवर समान वाटले जाते. शंभर घरांच्या संस्थेत सहा कामगारांचा पगार प्रत्येकी ३००० रुपयांनी वाढवला, तर दर घरामागे महिन्याला १८० रुपये पडतात. सुस्थितीतल्या संस्थांना हा भार पेलण्यासारखा आहे. वीस घरांची जुनी इमारत, निवृत्त माणसांची वस्ती किंवा दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त चाळी यांना तो पेलत नाही, आणि तिथे खरी अडचण आहे हे मान्य केले पाहिजे. अशा चाळींच्या मोठ्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ निर्माण करावे लागले, ते भाडेवसुलीतून दुरुस्ती होत नव्हती म्हणूनच. शेजारच्या चार-पाच लहान इमारतींनी मिळून एक पंपचालक व एक प्लंबर पूर्ण पगारावर नेमणे हा तिथे करता येण्याजोगा उपाय आहे, आणि सहकार कायद्याच्या चौकटीत तो बसवणे अशक्य नाही.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी पालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमानुसार बंधनकारक आहे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोड येथे इमारत कोसळून ६१ माणसे गेली, त्यानंतर या तपासण्यांची चर्चा पुष्कळ झाली. अभियंता इमारतीत काही वर्षांनी एकदा येतो. तळमजल्यावरच्या खांबाचे प्लास्टर सुटले, चिरेची रुंदी गेल्या पावसाळ्यापेक्षा वाढली किंवा एखाद्या गाळ्यात रात्री फोडाफोडीचा आवाज आला, हे रोज पाहणारी माणसे पंपघरात आणि जिन्यावर असतात. तपासणीच्या अहवालात त्यांचे म्हणणे नोंदवून घेण्यासाठी एक रकाना ठेवावा, ज्याने नोंद केली त्याची सही घ्यावी आणि कंत्राट बदलले तरी ती वही त्या माणसाच्या नावासह पुढच्याकडे जावी, अशी सूचना येथे करता येईल. त्या वहीतली वर्षे मोजूनच त्याची वेतनश्रेणी ठरवता येईल.